हलका दोर, पण कोणत्या कामाला?

२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. ३० जणांचा मृत्यू झाला. भर पावसात महाबळेश्वर-पोलादपूर परिसरातले गिर्यारोहक दोर लावून खाली उतरले आणि मृतदेह वर काढले गेले. अशा वेळी सगळी भिस्त दोरावर असते आणि तो आधी कोणाच्या तरी खांद्यावरून दरीपर्यंत न्यावा लागतो.

११ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर मीटरमागे साधारण ७५ ग्रॅम भरतो. म्हणजे २०० मीटरचे १५ किलो झाले. शिवाय नायलॉन पाणी पितो. भिजला की जड होतो आणि त्याची ताकदही घटते. सावित्रीच्या खोऱ्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला ही बाब किरकोळ वाटणार नाही.

म्हणूनच ‘डायनिमा’ या धाग्याकडे गिर्यारोहकांचे लक्ष गेले. तो आहे पॉलिथिनचाच, म्हणजे भाजीच्या पिशवीच्या कुळातला. पिशवीत रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे पडलेले असतात. इथे रेणू कित्येक पट लांब असतात आणि जेलमधून ओढून ते एकाच दिशेने सरळ केलेले असतात. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत ही पद्धत सत्तरच्या दशकाअखेरीस विकसित झाली. वजनास वजन लावले तर हा धागा पोलादाला कितीतरी मागे टाकतो. तो पाण्यावर तरंगतो आणि ओला झाला तरी कमजोर होत नाही.

मग नायलॉन अडगळीत का गेला नाही? कारण तो ताणतो. लिंगाण्याच्या कड्यावर पाय सुटला, तर नायलॉनचा चढाईचा दोर लांबून धक्का पोटात घेतो. डायनिमा जवळजवळ ताणतच नाही; सगळा हिसका माणसाच्या कमरेला आणि कड्यातल्या खिळ्याला बसतो. त्याच्या गाठी सरकतात. तो १५० अंशांच्या आतच वितळतो, तर नायलॉनला २०० च्या बराच वर पारा लागतो. वेगाने खाली उतरताना धातूचे उपकरण किती तापते, हे उघड्या हाताने एकदा पकडलेल्यांना माहीत असते. हलक्या पट्ट्या, ओढायच्या दोऱ्या, तंबूचे ताण, यांसाठी डायनिमा उत्तम. पडणाऱ्याला झेलायला मात्र नाही.

महाड औद्योगिक वसाहतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. इथे रासायनिक कारखाने आहेत आणि आम्ल हा नायलॉनचा शत्रू. आम्लाने त्याचे रेणू तुटतात, आणि वरून रंग बदललेला दिसेलच असे नाही. पॉलिथिन आम्लाला दाद देत नाही; पॉलिस्टरही बरेच तग धरते. टाकीत उतरणाऱ्या कामगाराच्या पट्ट्याला आणि बचावपथकाच्या दोराला हा नियम सारखाच. आम्लाच्या कॅनशेजारी, एकाच जीपमध्ये आलेला नायलॉनचा दोर दिसायला नवा असू शकतो. शिंतोडे उडाल्याचा नुसता संशय असला, तरी त्याचे तुकडे करून टाकायचे, म्हणजे चुकूनही कोणी तो पुन्हा कमरेला बांधणार नाही.