लॉगिनच्या चौकटीतलं एक अवतरणचिन्ह

गोव्यात डि'सूझा, डि'मेलो ही नेहमीची आडनावं. असं आडनाव एखाद्या वेबसाइटच्या लॉगिनच्या चौकटीत टाकलं आणि पडद्यावर ‘एसक्यूएल सिंटॅक्स एरर’ आली, तर ती किरकोळ गडबड समजू नका. चौकटीत लिहिलेली अक्षरं त्या पानाने डेटाबेसला द्यायच्या एसक्यूएल भाषेतल्या हुकुमातच मिसळून टाकली आहेत आणि ‘डि’नंतरच्या चिन्हापाशी तो हुकूम मध्येच तुटला आहे. डि'सूझांच्या हातून हे नकळत होतं, हल्लेखोर मुद्दाम करतो.

असल्या पानाच्या कोडमधलं वाक्य साधारण असं असतं: ‘ज्या नोंदीत नाव अमुक आणि पासवर्ड तमुक आहे, ती नोंद दे.’ अमुक-तमुकच्या जागी आपण टाइप केलेलं जसंच्या तसं चिकटवलं जातं. आता नावाच्या चौकटीत अ‍ॅडमिन लिहा, त्यापुढे एकेरी अवतरणचिन्ह आणि मग दोन आडव्या रेघा. अवतरणचिन्हापाशी नाव संपतं. रेघांपुढचा मजकूर डेटाबेस शेरा समजून सोडून देतो. पासवर्डची अट त्या शेऱ्यात गेली आणि खातं उघडलं. हेच एसक्यूएल इंजेक्शन. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात अशा हल्ल्याचं वर्णन छापून आलं होतं. इतक्या जुन्या दुखण्याबद्दल आजही तेच ते गैरसमज ऐकू येतात.

“आमच्या साइटवर एचटीटीपीएसचं कुलूप आहे.” ते कुलूप रस्त्याचं आहे. वाटेत कुणी मजकूर वाचू नये म्हणून. हल्लेखोराचा मजकूरही त्याच रस्त्याने सुखरूप पोचतो. “आम्ही ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने तपासतो.” हल्लेखोराला ब्राउझर लागतच नाही, तो विनंती थेट सर्व्हरला पाठवू शकतो. ती तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवा, सुरक्षेसाठी नाही.

“पासवर्ड हॅश करून ठेवलाय, मग काय होणार?” हॅश करायलाच हवा, म्हणजे तो मूळ रूपात साठवला जात नाही. पण वरच्या उदाहरणात पासवर्डची अटच गळून पडते, मग तो हॅश होता की नव्हता याला अर्थ उरत नाही. हॅशची तुलना कोडमध्ये वेगळी केली, तरी त्याच चौकटीतून इतर तक्ते वाचता येतात. एरर लपवूनही भागत नाही. उत्तर यायला किती सेकंद लागले, एवढ्यावरूनही माहिती एकेक अक्षराने बाहेर काढता येते.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे “अवतरणचिन्हं गाळून टाकली की झालं.” त्यात एक तर डि'सूझांचं नाव बिघडतं. दुसरं म्हणजे जिथे आकडा अपेक्षित आहे, तिथे हल्ल्याला अवतरणचिन्ह लागतच नाही. मग खरा उपाय काय? आपण चेकवर “पाच हजार रुपये फक्त” लिहून पुढे रेघ ओढतो, ती कुणी मजकूर वाढवू नये म्हणून. कोडमध्ये हे काम प्रिपेअर्ड स्टेटमेंट करतं. प्रश्नचिन्हांच्या मोकळ्या जागा ठेवून वाक्य आधी डेटाबेसकडे जातं, त्याचा अर्थ तिथे पक्का होतो आणि मूल्यं मागाहून वेगळी दिली जातात. मग चौकटीत काहीही लिहा, ते फक्त नावच राहतं. पीएचपीत त्यासाठी पीडीओ २००५ पासून आहे, जावात आणि पायथॉनमध्येही ही सोय आहे. लारावेल किंवा जँगोसारखं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. ‘रॉ क्वेरी’ लिहून त्यात चल जोडला, की फ्रेमवर्कचं संरक्षण तिथे संपलं. शिवाय लॉगिनच्या पानाला डेटाबेसचं जे खातं दिलंय, त्याला तक्ते पुसण्याचा अधिकार कशाला हवा? लागेल तेवढाच द्या.

“जुनी पानं कोण बघतंय?” असं म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधल्या टॉकटॉकचं उदाहरण पाहावं. या दूरसंचार कंपनीने २००९ मध्ये टिस्काली या इंटरनेट कंपनीचा तिथला व्यवसाय घेतला आणि त्याबरोबर काही जुनी वेबपानंही आली. ती तशीच चालू राहिली. खालचं डेटाबेस सॉफ्टवेअरही जुनंच, त्यातल्या दोषाची दुरुस्ती साडेतीन वर्षांपासून उपलब्ध असूनही न बसवलेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच पानांतून इंजेक्शन करून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरली गेली. त्यांतल्या १५,६५६ जणांचे बँक खात्याचे तपशीलही गेले. त्याच वर्षी जुलैत आणि सप्टेंबरात असेच हल्ले झाले होते, पण त्या पानांवर कुणाची नजरच नव्हती. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला चार लाख पौंड दंड केला.

तुमच्या साइटच्या लॉगिनचा कोड आज उघडा. क्वेरीच्या ओळीत अधिकचं चिन्ह किंवा पीएचपीतलं टिंब वापरून चौकटीतलं मूल्य जोडलेलं दिसलं, तर ती ओळ आजच बदला. कोड दुसऱ्याने लिहिला असेल, तर त्याला फोन करून ती ओळ दाखवायला सांगा.