दीड दिवसाचे लोणार

दिवाळीच्या सुट्टीत कोठे जावे, याचा खल आपल्या घरांतून गणपती उठले की सुरू होतो आणि बहुधा महाबळेश्वर नाहीतर माथेरान यांवर येऊन थांबतो. पाण्याकाठचे गाव हवे असेल, बाजारी गर्दी नको असेल आणि घरी परतल्यावरही मुलांनी चार प्रश्न विचारावेत असे वाटत असेल, तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावे, असे मी सुचवीन. दीड दिवस पुरतो. मोटार लागत नाही. जालन्यापर्यंत आगगाडी आणि पुढे एस. टी.

एस. टी.चा आग्रह मी उगाच धरीत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी धावली, तेव्हापासून ही लाल गाडी आपल्या कुटुंबातलीच झाली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिच्यात तिकीट पडत नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे पडते. आमच्या घरात त्यामुळे सासूबाई फुकट, मी अर्ध्यात आणि चिरंजीव पूर्ण भाड्यात, असा उलटाच हिशेब झाला. सासूबाईंनी मात्र कंडक्टरपुढे आधार कार्ड असे धरले की जणू पदकच!

“कुठं उतरायचं आजी?”

“लोणार. कमळजेला जायचंय.”

“मग खाली उतरावं लागंल बरं का. लई खोल हाय.”

“मला सांगू नकोस रे बाबा. माहेर मेहकरचं आहे माझं.”

प्रवासाचे सारे मर्म या संवादात होते. लग्नाच्या आधी आईबरोबर त्या खण-नारळ घेऊन कमळजादेवीला उतरल्या होत्या, त्यानंतर पंचावन्न वर्षे जाणे झाले नाही. आता गुडघ्यांनी संप पुकारलेला. डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितलेला. आणि सरोवर तर काठापासून सुमारे दीडशे मीटर खाली! घरून निघताना यावर कोणी अवाक्षर काढले नाही. आमच्याकडे अवघड विषय प्रवासात काढण्याची रीत आहे.

जालना सोडले की कापूस, तूर आणि सोयाबीनची राने सुरू होतात. तासाभरात सिंदखेडराजा येते. १५९८ साली जिजाऊंचा जन्म येथे लखुजी जाधवांच्या वाड्यात झाला, त्या वाड्याचा भव्य दरवाजा आवर्जून पाहावा. येथे उतरून पुढची गाडी धरता येते. दोन तास सत्कारणी लागतात. त्यापुढे दुसरबीड, सुलतानपूर आणि तेथून वळसा घेऊन लोणार.

गावात उतरल्यावर सरोवर कोठे दिसत नाही. साधे तालुक्याचे गाव, साधी दुकाने. चार पावले काठाकडे जावे आणि पायाखालची जमीनच संपावी, असे होते. सुमारे १८०० मीटर व्यासाची एक गोल परात, तिच्या उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. पुराणे सांगतात, येथे लवणासुर राहत होता व विष्णूने त्याचा वध केला. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात ती कथा दगडात कोरलेली आहे. घाईने पाहावे असे ते देऊळ नव्हे. छताकडे पाहताना मान दुखेपर्यंत थांबावे.

शास्त्रज्ञांना मात्र हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. ज्वालामुखीचे मुख असावे, असाच पुष्कळांचा समज होता. पुढे विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खडक तपासले, तेव्हा प्रचंड आघातानेच बनणारे काचेसारखे मॅस्केलिनाइट त्यात सापडले. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आकाशातून उल्का येऊन आदळली होती! बसाल्ट खडकात झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी, म्हणून चंद्र आणि मंगळ अभ्यासणाऱ्यांनाही लोणारचे अगत्य. वयाबद्दल अजून वाद आहे. एका पद्धतीने ५२ हजार वर्षे, दुसरीने ५ लाख ७० हजार. चिरंजीवांनी ताबडतोब मोठ्या आकड्याची बाजू घेतली.

या परातीतून पाणी बाहेर पडायला वाट नाही. पाऊस आणि झरे आत येतात, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. म्हणून ते खारट आणि कपडे धुण्याच्या सोड्यासारखे तिखट. काच आणि साबण करण्याचे द्रव्य या भागात मिळते, ही नोंद ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा हा रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला ‘रामसर’ पाणथळीचा मान मिळाला. मान मिळाला तरी काळजी उरतेच. गोडे पाणी फार आले, गावचे सांडपाणी उतरले, तर हा खारेपणाच पातळ होईल. आणि त्यावरच तर इथली सारी जीवसृष्टी जगते. गावाने आणि सरकारने मिळूनच हे पाहायला हवे, नुसते फलक लावून भागणार नाही.

सकाळी आम्ही गोमुखाच्या धारेवर गेलो. बारमाही गोड्या पाण्याची ही धार काठावरच पडते. तेथे हातपाय धुऊन सासूबाईंनी पायऱ्यांकडे पाहिले, बऱ्याच वेळ पाहिले. मग पदर खोचून उतरू लागल्या. मी काही बोलले नाही. पंधरा-वीस पायऱ्यांवर त्या थांबल्या आणि कठड्याशी टेकल्या.

“ओटी तू भर,” पिशवी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. “आणि विहीर बघून ये. पण खरं सांग.”

विहीर म्हणजे कमळजेसमोरची सासू-सुनेची विहीर. देवीकडच्या बाजूचे पाणी गोड, सरोवराकडच्या बाजूचे खारट, अशी तिची ख्याती; पातळी वर असली की ती दिसत नाही. झाडीतून, माकडांच्या देखरेखीखाली, आम्ही मायलेक देवळापाशी पोहोचलो. ओटी भरली. विहीर कोठेच दिसेना.

वर येईपर्यंत माझीच दमछाक झाली होती. सासूबाई तेथेच बसून होत्या, डोळे पाण्याकडे.

“विहीर पाण्याखाली आहे, आई.”

“दोघीही?”

“दोघीही.”

“मग आता गोड कोण नि खारट कोण, कळायची सोय नाही,” असे म्हणून त्यांनी डब्यातली दशमी काढली आणि पहिला तुकडा मला दिला. दुपारच्या गाडीने आम्ही मेहकरला गेलो. १८८८ साली सापडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती तेथे आहे. तिच्यापर्यंत जायला फार चढ-उतार नाही, हे सासूबाईंनी कंडक्टरला आधीच विचारून ठेवले होते.