दुपारी परतता येईल असे हॉटेल

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांच्या मनात मधुमेहाच्या उपचारांतील एखादा नवा विषय असावा. गेली अडतीस वर्षे मी बडोद्यात त्याच शाखेत व्यवसाय करीत आहे, तेव्हा तशी अपेक्षा गैर नव्हती. तथापि या वेळी लिहावेसे वाटते ते एका कौटुंबिक सहलीविषयी. सहलीला निघण्यापूर्वी दोन गोष्टी आपण फार सहज ठरवून टाकतो. उतरायचे कोठे आणि बरोबर काय घ्यायचे. या दोन्ही बाबतींत माझ्यासारखा जुना डॉक्टर कसा चुकला, हे व्यवसायबंधूंना सांगितले तर त्याचा काही उपयोग होईल असे वाटते.

माझा नातू न्यू जर्सीत असतो. २०२२ साली, आठव्या वर्षी, त्याला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. कीटोअॅसिडोसिसमुळे तो चार दिवस रुग्णालयात होता. त्या वेळी दूरध्वनीवर त्याने मला विचारले होते, "आजोबा, आता मला डिस्नेला जाता येणार नाही का?" मी म्हणालो, "जाता येईल. मी स्वतः येतो तुझ्याबरोबर." वर्षभर हा शब्द माझ्या मनात होता. चिरंजीव आणि सूनबाई मात्र बिचकत होते. घरापासून दूर, उन्हात, दिवसभर चालणे आणि खाण्याच्या वेळा अनिश्चित. त्यांची भीती अनाठायी नव्हती. "मी आहे ना बरोबर," या माझ्या एका वाक्यावर अखेर २०२३ च्या ऑगस्टमधील तिसऱ्या आठवड्याची सहल ठरली. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि नातू असे पाच जण जाणार होतो.

स्थळाचा विस्तार

फ्लोरिडातील ऑर्लँडोनजीकचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही एखादी बाग आहे अशी माझी समजूत होती. आमच्या लहानपणीची सहल म्हणजे दांडिया बाजारातून चालत कमाटीबागेत जाणे, तिथल्या छोट्या रेल्वेत बसणे आणि ऊन चढण्यापूर्वी जेवायला घरी येणे. डिस्ने वर्ल्डचा विस्तार सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. वॉल्ट डिस्ने १९६६ साली निवर्तले. पुढे त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी काम तडीस नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी 'मॅजिक किंगडम' हे पहिले उद्यान खुले झाले. त्यानंतर १९८२ साली एपकॉट, १९८९ साली आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८ साली अॅनिमल किंगडम, अशी चार उद्याने झाली. एका उद्यानातून दुसऱ्यात जायचे तर बहुतेक वेळा वाहन लागते.

मॅजिक किंगडमची रचना तर मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. मोटारीने येणारा पाहुणा थेट दाराशी पोहोचत नाही. मोठ्या तलावाच्या अलीकडच्या काठावर त्याला उतरावे लागते आणि तेथून बोटीने वा मोनोरेलने पलीकडे जावे लागते. बाहेरचे जग मागे टाकून आल्याची भावना त्याने निर्माण होते हे खरे. परंतु लवकर परत फिरायची वेळ आली, तर तोच तलाव पुन्हा ओलांडावा लागतो. मोनोरेलच्या वाटेवर असलेल्या हॉटेलांतील पाहुण्यांना मात्र काही मिनिटांत खोलीत पोहोचता येते. त्यांपैकी काही हॉटेलांतून तर उद्यानापर्यंत पायीही जाता येते.

पहिला निर्णय

सूनबाईचा आग्रह मोनोरेलवरील हॉटेलाचाच होता. त्याचे भाडे पाहून माझे डोळे फिरले. बाहेर महामार्गालगत एक हॉटेल त्याच्या एक तृतीयांश दरात मिळत होते. सकाळचा नाश्ता, उद्यानापर्यंत बस, खोलीत छोटा फ्रिज, सारे त्यातच. "हॉटेल काय, रात्री पाठ टेकण्यापुरते," असे म्हणून मी तेच नक्की केले. ती बस सकाळी एकदा जाते आणि रात्री एकदा परत आणते, हे बारीक अक्षरांत लिहिलेले मी वाचले होते. दुपारी परतायचे कोणाला, असा माझा विचार होता.

सामानाचे तीन भाग

सामान बांधण्याची पद्धत सूनबाईने ठरवली. आज मी ती माझ्या रुग्णांना सांगतो. तिने सामानाचे तीन भाग केले. जे हरवले तरी चालेल ते विमानाच्या पोटातील बॅगेत. ज्यावाचून एक रात्र निघणार नाही ते हातातील पिशवीत. आणि ज्यावाचून एक तासही निघणार नाही ते अंगाशी, कमरेच्या पट्ट्यात.

पट्ट्यात ग्लुकोजच्या गोळ्या, ग्लुकोमीटर, वापरात असलेली दोन पेने आणि ग्लुकागॉन. हातातील पिशवीत इन्सुलिनचा शिल्लक साठा, सुया, सेन्सरचे जादा संच आणि डॉक्टरांचे पत्र. विमानाच्या पोटात इन्सुलिन कधीही जाऊ नये. तेथे ते गोठण्याची भीती असते आणि बॅग हरवण्याची शक्यता निराळीच. औषधी द्रव १०० मिलिलिटरहून अधिक असले तरी अमेरिकेतील सुरक्षा तपासणीत आधी सांगितल्यास हातातील सामानात नेता येतात. शिल्लक साठाही तिने दोन ठिकाणी विभागला. अर्धा माझ्याजवळ, अर्धा तिच्याजवळ. "एवढ्याशा गोष्टीचे दोन भाग कशाला?" असे मी म्हटल्याचे स्मरते.

सौ.ने मेथीचे थेपले घेतले होते. उद्यानात स्वतःचे खाद्यपदार्थ नेता येतात, काचेची भांडी तेवढी चालत नाहीत. रांगेत उभे असताना हळूहळू पचणारे पिष्टमय अन्न म्हणून थेप्ल्यांचा जो उपयोग झाला, तो कोणत्याही महागड्या बिस्किटाचा झाला नसता. मी बडोद्याहून नेलेली, बाष्पीभवनाने थंड राहणारी ओली पिशवी मात्र तेथे फारशी उपयोगी पडली नाही. आपल्याकडे वैशाखात कोरड्या हवेत ती उत्तम चालते. फ्लोरिडात ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की पाणी उडतच नाही. माठ पावसाळ्यात का गार होत नाही हे ठाऊक असूनही मला ते सुचले नव्हते.

पहिली दुपार

पहिल्या दिवशी न्याहारीच्या वेळी सूनबाईने इन्सुलिनचा डोस थोडा कमी करू या असे सुचवले. "आइस्क्रीम तर खाणारच आहे," म्हणून मी नेहमीचाच द्यायला लावला. अकराच्या सुमारास एका खेळाच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. नातू एकाएकी गप्प झाला. घामाने तर आम्ही सगळेच डबडबलो होतो, त्यामुळे घामाचे लक्षण निरुपयोगी ठरले. सेन्सरचा इशारा वाजला. बोटातून रक्त घेऊन पाहिले तर साखर ५४.

उष्णतेने त्वचेचा रक्तप्रवाह वाढतो, इन्सुलिन वेगाने शोषले जाते; चालण्याने स्नायू साखर ओढून घेतात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. ग्लुकोजच्या चार गोळ्या दिल्या, म्हणजे १६ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी साखर ८१ झाली. मुख्य रस्त्याच्या टोकाशी असलेल्या प्रथमोपचार केंद्रात आम्ही त्याला नेले. गार खोली, पलंग आणि शांतपणे विचारपूस करणारी परिचारिका. तेथे औषधे थंड ठेवण्याची आणि वापरलेल्या सुया टाकण्याची सोयही होती. असे केंद्र प्रत्येक उद्यानात आहे, हे जाणाऱ्याने आधीच नकाशावर पाहून ठेवावे.

मुलगा सावरला, पण थकून गेला होता. त्याला दोन तास झोपेची गरज होती. हॉटेलची बस रात्री येणार होती. टॅक्सीसाठी आधी तलाव ओलांडायचा. तेवढ्यात रोजच्यासारखे दुपारचे वादळ आले आणि विजा चमकू लागल्या. तो त्या केंद्रातील पलंगावरच झोपला. सूनबाई उशाशी बसून होती. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

फ्रिजमधील पेने

त्या रात्री खोलीवर आल्यावर माझ्याकडील साठा मी फ्रिजमध्ये ठेवला. उद्याच्या उन्हाची धास्ती होती म्हणून अगदी आत, बर्फाच्या कप्प्याला टेकून. सकाळी नातवाने फ्रिज उघडला.

"आजोबा, पेनमध्ये बर्फ झालाय."

क्षणभर माझ्या मनात आले की विरघळले की चालेल. दिसायला ते पुन्हा स्वच्छ, पाण्यासारखेच दिसले असते, आणि धोका नेमका तेथेच आहे. एकदा गोठलेले इन्सुलिन भरवशाचे राहत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. हे वाक्य मी आजवर किती रुग्णांना ऐकवले असेल याची गणती नाही. नातू माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "हे सगळे टाकायचे. चूक माझी आहे." तो म्हणाला, "आईकडे आहे अजून." खरेच, दुसरा अर्धा भाग तिच्याजवळ सुरक्षित होता. तो नसता तर परक्या गावात चिठ्ठी, औषधालय आणि विमा यांच्यामागे सारा दिवस गेला असता, किंवा सहल तेथेच संपली असती.

त्या दिवशी दुपारी आम्ही हॉटेल बदलले. मोनोरेलवरील हॉटेलात उरलेल्या तीन रात्रींसाठी खोली मिळाली. बाहेरच्या हॉटेलचे पैसे बुडाले, म्हणजे बचत केली तीही गेली. पण त्यानंतर दिवसाला लय आली. सकाळी लवकर उद्यानात जावे, साडेबाराला परतावे, जेवून गार खोलीत झोपावे, वादळ ओसरले की संध्याकाळी पुन्हा निघावे. डोस आम्ही कमी केला होता आणि दिवसभराच्या चालण्याचा परिणाम रात्रीही टिकतो म्हणून मध्यरात्री साखर पाहत होतो. पुन्हा ती सत्तरच्या खाली गेली नाही.

व्यवसायबंधूंसाठी

मुलांना वा नातवंडांना भेटायला परदेशी जाणारे रुग्ण आता आपल्या प्रत्येकाकडे येतात. त्यांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहावीत. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावाने मिळते. इन्सुलिनच्या बाबतीत तर विशेष काळजी हवी. आपल्याकडील अनेक कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, अमेरिकेत १०० युनिटच्या. येथील सिरिंज आणि तेथील कुपी एकत्र आली तर डोस अडीचपट होतो. नवे बूट प्रवासात घालू नयेत, मधुमेही पायांना तर मुळीच नाही. आणि हॉटेल निवडताना भाड्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा. दुपारी बारा वाजता कोणाला बरे वाटेनासे झाले, तर खोलीत पोहोचायला किती वेळ लागेल? मूल, गर्भवती, वृद्ध किंवा हृदयरोगी बरोबर असेल, तर त्या उत्तराची किंमत भाड्याच्या फरकात धरावी.

माझ्या व्यवसायात त्या सहलीने एक लहानसा बदल झाला. "इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा," एवढे सांगून मी आता थांबत नाही. फ्रिजमध्ये नेमके कोठे ठेवता, बर्फाच्या कप्प्यापासून किती दूर, असे विचारतो. काही रुग्ण हसतात, काही दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात की जागा बदलली. नातू आता स्वतःचे सामान स्वतः बांधतो. मागच्या सुट्टीत आमच्याकडे बडोद्याला यायचे ठरले तेव्हा त्याने दूरध्वनीवर मला पहिला प्रश्न केला तो आमच्या फ्रिजविषयीच. मी उठलो, जाऊन पाहिले, आणि मगच उत्तर दिले.