गाडी कोठे थांबावी?

मुलांनो, तुम्ही फलाटावर लोकलची वाट पाहत उभे आहात आणि एखादी जलद गाडी न थांबताच धडधडत निघून गेली, तर तुम्हांला राग येतो ना? ‘ही गाडी येथे का थांबत नाही?’ असे मनात येते. आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. तो मार्ग ३४ किलोमीटरांचा होता. आज या मार्गावर कल्याणपर्यंत २६ स्थानके आहेत. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, म्हणून तिला सुमारे दीड तास लागतो. थांबा अर्ध्या मिनिटाचा दिसतो खरा. पण गाडीला आधी वेग कमी करावा लागतो, नंतर पुन्हा वाढवावा लागतो. शिवाय पुढची गाडी थांबली, की मागची गाडी सिग्नलपाशी खोळंबते. सगळीकडे थांबे दिले, तर जलद गाडी नावालाच जलद राहील!

मग थांबा कोठे द्यावा? ‘जेथे वस्ती मोठी, तेथे,’ असे तुम्ही म्हणाल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. जेथे दोन मार्ग मिळतात, तेथेही थांबा हवाच. दादरला मध्य आणि पश्चिम हे दोन्ही मार्ग जवळ येतात. तेथे पूल ओलांडला, की कल्याणचा माणूस बोरिवलीच्या गाडीत बसतो. ठाण्याहून वाशीचा मार्ग २००४ साली सुरू झाला. त्याआधी रेल्वेने वाशीला जायचे, तर कुर्ल्याचा फेरा पडत असे.

आता नकाशात दिवा हे स्थानक शोधा. तेथून एक फाटा वसईला जातो, दुसरा पनवेलला आणि पुढे कोकणात. एवढे महत्त्वाचे ठिकाण. पण जलद मार्गावर फलाटच नव्हते! लोकांनी खूप वर्षे मागणी केली. जानेवारी २०१५ मध्ये प्रवाशांनी रूळ अडवले. अखेर २०१६ मध्ये फलाट झाले आणि काही जलद गाड्या थांबू लागल्या.

परंतु तेवढ्याने काम भागले नाही. कल्याण-डोंबिवलीकडून गाडी भरूनच येते. दाराशी लोंबकळणाऱ्याला आत शिरायला जागा नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ अशाच गच्च भरलेल्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले.

म्हणून मला वाटते, थांब्याबरोबर वेळाही जुळल्या पाहिजेत. वसईच्या फाट्यावर गाड्या फार थोड्या आहेत. एक चुकली, की पुष्कळ वेळ बसून राहावे लागते. कल्याणहून आलेल्या माणसाला दिव्याला उतरल्यावर दहा मिनिटांत वसईची गाडी मिळाली, तर तो दादरचा फेरा कशाला घालील? मग त्याची ठाण्यापुढची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल.