डोंगरवाटांवरील पर्यटन आणि माती-पाण्याचे रक्षण

सह्याद्रीच्या डोंगराळ भागात भात, नागली व वरई या पिकांच्या जोडीला पर्यटन हा उत्पन्नाचा नवा मार्ग झाला आहे. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या बारी गावातून पावसाळ्यात शनिवार-रविवारी शिखराकडे रीघ लागते. जेवण, मुक्काम व वाटाड्याचे काम यांतून गावात रोख पैसा येतो. परंतु ज्या डोंगरामुळे हा पैसा येतो, त्याच डोंगराच्या माती-पाण्यावर आपली शेतीही उभी आहे.

वाटेची धूप कशी होते?

उतारावर मातीचा थर पातळ असतो. सततच्या वर्दळीने गवत मरते, माती दबून घट्ट होते व पाणी मुरत नाही. ते वाटेनेच धावू लागते. वाट निसरडी झाली की लोक कडेच्या गवतावरून चालतात आणि वाट रुंदावते. वळण टाळून सरळ उतरणाऱ्यांमुळे नव्या वाटा पडतात व काही पावसाळ्यांत त्यांच्या घळी होतात. वाहून आलेली दगडमाती खालच्या भातखाचरांत बसते, झऱ्यांना मिळणारे पाणीही घटते. पर्यटनाचा पैसा एका घरात येतो, गाळ मात्र दुसऱ्याच्या खाचरात साचतो. म्हणून हा प्रश्न साऱ्या गावाचा आहे.

काजवे व पीक

मे अखेर ते जूनमध्ये भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यास गर्दी होते. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणजे ते शेतकऱ्याचे मित्रच होत. नर-मादीची भेट प्रकाशाच्या खुणेने होते. वाहनांच्या व विजेरीच्या झोतात ही खूण हरवते. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या पायांखाली चिरडल्या जातात.

काय करावे?

१) एकच मुख्य वाट ठेवावी. आडवाटा दगड व काटेरी फांद्यांनी बंद कराव्यात.

२) मृगापूर्वी वाटेवर तिरक्या दगडी ओळी बसवून पाणी कडेच्या गवतात काढावे, कोणाच्या शेतात काढू नये. उतार जास्त तेथे ओळी जवळ घ्याव्यात. पावसाळ्यात त्यांतील गाळ काढत राहावा. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य असल्याने जंगलातील कोणतेही काम वन विभागाच्या परवानगीनेच करावे.

३) शौचालयाचा शोषखड्डा झरा व विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास घ्यावा.

४) पाहुण्यांसाठी जंगलातील सरपण तोडू नये. शेकोटीस मनाई करावी. प्लॅस्टिक ज्याचे त्याने परत न्यावे.

५) काजव्यांच्या झाडांपासून वाहने लांब थांबवावीत. दिवे बंद ठेवून ठरलेल्या वाटेनेच पाहुण्यांना न्यावे.

६) नागलीची भाकरी, तांदूळ, कडधान्ये आपल्याच शेतातील द्यावीत. त्यामुळे पैसा गावातच राहतो.

गर्दीला मर्यादा हवी

सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या दैनिक संख्येवर मर्यादा घालून शुल्क घेण्याची पद्धत सुरू झाली. तेथील व्यवस्थेत स्थानिक गावांचा सहभाग आहे. इतर गावांनीही ग्रामसभेत चर्चा करून वन विभागाच्या सहकार्याने अशी व्यवस्था करावी. जमणाऱ्या रकमेतील वाटा वाटदुरुस्तीसाठी व ज्यांच्या खाचरात गाळ येतो त्यांच्या बांधबंदिस्तीसाठी राखून ठेवावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाहुणा दोन दिवसांत परत जातो. माती एकदा गेली की परत येत नाही. येत्या मृगापूर्वी गावाने एकत्र येऊन एक तरी वाट दुरुस्त करावी.