दहावीनंतरच्या वाटेवरचे ताई-दादा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समाजकार्याला देशपातळीवर शासकीय चौकट मिळाली ती राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार स्वयंसेवकांनिशी ती सुरू झाली. दोनच वर्षांनी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत वर्तक महाविद्यालय उभे राहिले. १९८४ मध्ये तिथेच संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आले. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, ही योजनेची रीत. मात्र विद्यार्थी ज्यांत उतरले त्या १९७८ आणि पुढे १९८६ च्या साक्षरता मोहिमांचा रोख प्रौढांवर होता. दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

ही उणीव ओळखणारा उपक्रम १९९२ मध्ये त्याच ठाणे जिल्ह्यात सुरू झाला. ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेने वस्तीत राहून, प्रसंगी कामधंदा सांभाळून दहावी पास होणाऱ्या मुलांचा ‘एकलव्य’ म्हणून गौरव सुरू केला. येथे गुणांच्या टक्क्यांपेक्षा परिस्थितीशी दिलेली झुंज मोलाची ठरली. सत्काराच्या पुढे जाऊन संस्थेने मुलांशी नाते टिकवले आणि आधीच्या वर्षांचे एकलव्य नव्या मुलांसाठी कार्यकर्ते झाले. २०१४ मध्ये नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने याच मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ साकारला.

दरम्यान वसई-विरारचे रूप पालटले. परवडणाऱ्या घराच्या शोधात मुंबईतली कुटुंबे नालासोपाऱ्यात आली. संतोष भुवनसारख्या भागांत चाळी दाटल्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत काम करणाऱ्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे मूल अनेकदा पहिलेच असते.

अशा मुलाची पहिली अडचण अर्जापाशीच येते. मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात. हे ठाऊक नसलेले मूल मैत्रिणीचे किंवा मित्राचे पाहून पसंतिक्रम भरते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते आणि महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज यांपैकी एक कडी निसटली, तरी फीची सवलत अडकते. दोन वर्षांपूर्वी याच रांगेत उभी राहिलेली ताई शेजारी बसली, की ही गुंतागुंत सुटते. आयटीआय, डिप्लोमा की अकरावी, हा निर्णयही तिच्याशी मोकळेपणाने बोलता येतो.

२०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे समाजसहभागाला श्रेयांक मिळू लागले. त्यामुळे ताई-दादांच्या या कामाला अभ्यासक्रमात जागा मिळाली. तरी एका सत्राचे श्रेयांक आणि एका मुलाची दहावी ते पदवी ही वाट यांचे माप जुळत नाही. एकलव्य उपक्रमाने दाखवलेला मार्ग असा आहे: ज्याला हात मिळाला, त्यानेच पुढच्या मुलाला हात द्यायचा आणि संस्थेने ही साखळी वर्षानुवर्षे तुटू द्यायची नाही.