पाणी धरून ठेवणारी जाळी : वनस्पतिजन्य हायड्रोजेल

चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चार जलाशय २०१९च्या उन्हाळ्यात जवळपास कोरडे पडले. त्या वर्षी १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी चेन्नईत दाखल झाली. महाराष्ट्राने हे दृश्य एप्रिल २०१६ मध्ये लातूर येथे पाहिले होते. तेथे मिरजेहून पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईमुळे जमिनीतील ओलावा टिकवणाऱ्या पदार्थांविषयी शेतकऱ्यांचे कुतूहल वाढले आहे. हायड्रोजेल हा त्यांपैकीच एक पदार्थ आहे.

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केले. त्याच्या उत्पादनाचा परवाना मिळालेल्या कंपन्यांमध्ये चेन्नईच्या कार्बोरंडम युनिव्हर्सल या कंपनीचा समावेश आहे. हे जेल सेल्युलोजवर आधारित असून शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी शोषते, असे संस्थेचे म्हणणे आहे.

हायड्रोजेल म्हणजे काय?

सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगून येते. इसबगोलाचा भुसाही असाच फुगतो. या दोहोंत बहुशर्करा असतात. साखरेच्या लहान रेणूंच्या लांब साखळ्यांना शास्त्रज्ञ पॉलिसॅकराइड म्हणतात. सेल्युलोज, स्टार्च, गवारीच्या बियांपासून मिळणारा ग्वार गम आणि तपकिरी समुद्रशैवालातील अल्जिनेट हे सर्व याच कुळातील आहेत. त्यांच्या रेणूंना पाण्याची स्वाभाविक ओढ असते.

मात्र ग्वार गमसारख्या साखळ्या मोकळ्या असतील, तर पाण्यात त्या विरघळून जातात. साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे आडवे बंध, म्हणजेच क्रॉसलिंक, निर्माण केले की जाळे तयार होते. हे जाळे विरघळत नाही. ते केवळ फुगते. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियममुळे, तर ग्वार गमच्या साखळ्या टाकणखारामुळे जोडल्या जातात. हे बंध तुलनेने सहज सुटू शकतात. शेतीसाठी बहुधा अधिक पक्के रासायनिक बंध वापरले जातात.

जेल कसे बनते?

सर्वसाधारण रीत अशी असते : बहुशर्करा पाण्यात मिसळून तापवतात व परसल्फेटसारखा आरंभक घालतात. त्यामुळे साखळीवर क्रियाशील जागा तयार होतात. तेथे ॲक्रिलिक आम्ल किंवा ॲक्रिलामाइड यांच्या शाखांचे कलम होते आणि जोडणारे रसायन या शाखांना एकत्र बांधते. नंतर जेल धुऊन, वाळवून त्याचे दाणे करतात. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी विभागातील शास्त्रज्ञांनी मक्याच्या स्टार्चवर असेच कलम करून अतिशोषक पदार्थ बनवला होता.

शाखांवरील ऋण विद्युतभार परस्परांना दूर सारतात, त्यामुळे जाळे उलगडते व पाणी आत खेचले जाते. बंध फार कमी असल्यास जेल विरघळू लागते आणि फार जास्त असल्यास जाळे घट्ट होऊन पाणी कमी शोषले जाते. या दोहोंमधील तोल साधणे, हेच या शास्त्राचे मर्म होय.

अपेक्षा किती ठेवावी?

पुसा हायड्रोजेलची शिफारस साधारणपणे हेक्टरी अडीच ते पाच किलो इतकी आहे. पाच किलो जेलने ३५० पट पाणी शोषले, तरी ते १,७५० लिटर भरते. एक हेक्टरवर पडणारा एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. म्हणजेच जेलचा एकूण साठा पावसाच्या पाव मिलिमीटरहूनही कमी आहे. म्हणूनच जेल शेतभर न विखुरता बियांच्या ओळीत, मुळांजवळ देणे महत्त्वाचे ठरते. प्रत्येक पावसाबरोबर वा पाळीबरोबर ते पुन्हा भरते आणि माती सुकू लागली की मुळांना पाणी देते. उगवणीच्या नाजूक दिवसांत हा आधार मोलाचा ठरू शकतो. परंतु जेल पाणी निर्माण करीत नाही.

पाण्याचा दर्जाही निर्णायक असतो. क्षारयुक्त पाण्यात विद्युतभारांचे परस्परांना दूर सारणे मंदावते आणि जेल फारच कमी फुगते. कॅल्शियमयुक्त जड पाण्यातही हेच घडते. विहिरींचे पाणी मचूळ असलेल्या किनारी भागात हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

आणखी एक प्रश्न जमिनीत उरणाऱ्या अवशेषांचा आहे. सेल्युलोजचा कणा सूक्ष्मजीव खाऊ शकतात. कलम केलेल्या ॲक्रिलिक शाखांचे विघटन मात्र अतिशय सावकाश होते. त्यामुळे ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाचा अर्थ ‘संपूर्ण विघटनशील’ असा घेता येत नाही. यावर उपाय म्हणून लिंबात आढळणाऱ्या सायट्रिक आम्लाने सेल्युलोजजन्य साखळ्या जोडण्याचे प्रयोग झाले आहेत. मिश्रण वाळवून तापवले की हे आम्लच साखळ्यांमधील दुवा बनते. अशी जेल सहसा कमी पाणी शोषतात, परंतु मातीत मिसळून जाण्याच्या दृष्टीने ती अधिक आश्वासक आहेत.